दुसरा बार

"मी जन्मले तेव्हा बार उडवला होता का?"

हा प्रश्न माझा नव्हता. पूजिता आणि झुबैदानं तो बसमध्ये माझ्या गळ्यात घातला. झुबैदाच्या घरी बंदूक नाही, त्यामुळे तिला आमच्या लोकांच्या बंदुकांचं भारी कौतुक. म्हणाली, "तुमच्यात मुलगा झाला की एक बार आणि माणूस गेलं की लागोपाठ दोन, बरोबर? मग मुलगी झाली की?" पूजिता आमच्यातलीच, तिला उत्तर पक्कं माहीत होतं, पण ती खिडकीबाहेर कॉफीची झाडं बघत बसली, जशी काही आयुष्यात पहिल्यांदाच बघतेय.

मी म्हटलं, "माझ्या वेळी उडवला असणार. आमचे अज्जा सुभेदार होते."

"असणार म्हणजे काय? विचार की. हिंमत असेल तर त्यांनाच विचार, सगळ्यांसमोर."

हॉकीच्या संघात गोलकीपर झाल्यापासून 'हिंमत असेल तर' हे शब्द ऐकले की मला राहवतच नाही. अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणते, पॅड बांधले तेव्हापासून या पोरीच्या घशालाही पॅड बांधल्यासारखे झालेत, हळू आवाज बाहेरच येत नाही. तर रविवारी दुपारी मी विचारलं. अज्जांची खाट ओसरीवर आणून ठेवलेली होती. समोरच्या अंगणात कॉफी वाळत होती आणि अप्पा दाताळ्यानं ती उलटीपालटी करत होते. अव्वा ओसरीच्या कडेला बसून तांदळाच्या कण्यांचे, कडंबुट्टूचे गोळे वळत होती. मी अगदी मधोमध उभी राहिले आणि विचारून टाकलं.

"नाही," अज्जा म्हणाले.

"का नाही?"

"मुलीसाठी उडवत नाहीत." रागावून नाही, मायेनंही नाही. झाडाला पानं असतात म्हणावं तसं.

"बोळ्ळू, तिकडं कोंबडी आलीय कॉफीवर. हाकल जा," अव्वा म्हणाली. कोंबडी कुठेच नव्हती.

अज्जांना खोकला आला आणि थांबेचना. मैसूरच्या डॉक्टरांनी महिन्यापूर्वी त्यांची फुफ्फुसं बघितली, मग आमच्याकडे बघितलं आणि घरी न्या म्हणाले. खोकला ओसरल्यावर अज्जांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "तुझा उडवायचा राहिला. माझे दोन कोण उडवणार, ते विचार तुझ्या अप्पाला."

अप्पांच्या हातातलं दाताळं थांबलं. "दादाकडची दुनळी मागवू. त्याचा चेंगप्पा येईल बंगळूरहून, तो उडवेल."

"त्या घरची बंदूक माझ्या अंगणात वाजायची नाही." दादा म्हणजे अज्जांचा थोरला मुलगा. वाटण्या झाल्या तेव्हा तो दुनळी घेऊन गेला आणि जाताना ती अज्जांना दाखवलीसुद्धा नाही. "माझं रिव्हॉल्व्हर आहे. त्यातनंच उडवायचे. दोन. लागोपाठ. नाहीतर नंजप्पा, मी सांगून ठेवतो, मी जाणारच नाही."

"मग छान होईल की," मी म्हटलं. अज्जा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. पण मग पुन्हा खोकला.

आमच्या खोऱ्यात फोन नीट लागत नाहीत. लागले तरी मरणाची बातमी कुणी फोनवर धरत नाही. दोन बार ऐकले की पलीकडच्या डोंगरापर्यंत सगळे हातातलं काम टाकून निघतात. कोण गेलं ते वाटेत विचारतात. दोन बार वाजले नाहीत तर कुणी येत नाही, आणि खांदा द्यायला कुणी नाही, तर अज्जांसारख्या माणसाला ते मरणापेक्षा वाईट.

रिव्हॉल्व्हर आतल्या खोलीत दिव्याच्या कपाटात असतं. बत्तीस बोरचं, अज्जा निवृत्त झाले त्या वर्षी घेतलेलं. सप्टेंबरात कैलपोदला घरातली सगळी हत्यारं दिव्यापुढं मांडतात, गंध लावतात, कळलावीची फुलं वाहतात, तेव्हा ते बाहेर येतं. कोयते, भाला, सगळ्यांच्या मधोमध, नवरदेवासारखं. एरवी ते कपाटातच. अप्पांनी ते आणून अज्जांच्या मांडीवर ठेवलं, आणि अज्जांनी ते उचलून माझ्याकडे दिलं. अप्पांकडे नाही. अप्पांना फौजेनं कान कमजोर म्हणून परत पाठवलं होतं. ती गोष्ट आमच्याकडे कुणी बोलत नाही आणि कुणी विसरतही नाही.

"आधी रिकामं," अज्जा म्हणाले. "मी सांगतोय म्हणून रिकामं समजू नकोस. डोळ्यांनी बघ, मग बोटानं चाचप."

मी चक्री उघडली, गोळ्या काढल्या. एकेका रिकाम्या घरात बोट घालून बघितलं. अव्वानं गोळ्या डब्यात घालून स्वयंपाकघरात नेल्या. मग मी नळी अंगणापलीकडच्या मातीच्या बांधाकडे धरून चाप ओढला. घोडा पडला, ठक्. आणि चाप मागेच राहिला. बोट काढून घेतलं तरी तो मागेच, सकाळच्या तासाला बाकावर डोकं टेकलेल्या मुलासारखा. मी नखानं पुढं ढकलला तेव्हा चिकट आवाज करत जागेवर आला.

"पुन्हा," अज्जा म्हणाले.

पुन्हा तेच. चाप पुढं आल्याशिवाय दुसरी गोळी उडत नाही. म्हणजे एक बार होणार आणि संपलं.

एक बार म्हणजे काय, ते मघाशीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा ते पिशवीत घालून मडिकेरीला बंदूकवाल्याकडे घेऊन गेले. शाळेला दांडी मारून मीही गेले. दुकानदारानं ते उघडलं आणि नाकाशी धरलं. "खोबरेल. दर कैलपोदला?"

"दर वर्षी," अप्पा म्हणाले.

"गंधही?"

"गंधही."

"सगळा जिल्हा हेच घेऊन येतो." त्यानं बॅटरी मारून आत दाखवलं. मधाच्या रंगाचा थर, जुन्या फोडणीच्या कढईला असतो तसा, आणि त्याच्याखाली लाल ठिपके. "तेल सुकून डिंक झाला. गंधातलं पाणी खाली मुरलं. चापाची स्प्रिंग गंजानं खाल्लीय. ही आता मिळत नाही. कारखान्याला पाठवतो, कागद भरा, पावसाळ्यापर्यंत येईल."

"तेवढा वेळ नाही आमच्याकडे."

"मग रॉकेलनं धुऊन बघा." एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याचं काही चुकलं नाही, पण मला त्याला एक हॉकीस्टिक ठेवून द्यावीशी वाटली.

परतीच्या बसमध्ये अप्पा म्हणाले, "अज्जांना धूळ म्हणून सांग."

मी 'बरं' म्हटलं होतं. पण अज्जांनी सरळ माझ्या डोळ्यात बघून विचारलं, आणि माझ्या तोंडून 'खोबरेल' निघून गेलं. दिव्यातलं तेल दर वर्षी स्वतःच्या हातानं अज्जाच चोळायचे. भाल्याला एक बोट, कोयत्याला एक बोट, आणि रिव्हॉल्व्हरला ओंजळभर.

ते छताकडे बघत म्हणाले, "पलटणीत एका पोरानं रायफलला खोबरेल लावलं होतं. मी त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. उन्हात."

"मग घरी कसं केलंत?" अव्वानं विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं.

"ते तेल नव्हतं गं," अज्जा म्हणाले. "ते दिव्यातलं होतं."



मग आम्ही कामाला लागलो. म्हणजे मी कामाला लागले आणि अज्जा खाटेवरून हुकूम सोडत होते. मुठीवरच्या लाकडी पट्ट्या काढ. स्क्रू वाटीत ठेव, सांडलास तर तुझी खैर नाही. जुना दात घासायचा ब्रश, रॉकेल, चिंध्या. खिडकी उघडी ठेव, चुलीपासून लांब बस. अव्वानं मध्येच डोकं घालून विचारलं, "गंजाला काचमपुळी चालेल का? भांडी लख्ख निघतात." काचमपुळी म्हणजे आमचं डुकराच्या कालवणातलं काळं आंबट.

"घाल," अज्जा म्हणाले. "वरनं मिरी पण घाल. मग शिजवूनच खाऊ."

डिंक निघायला लागला तशी माझी बोटं पिवळी झाली. चिंध्यांवर चिंध्या गेल्या. त्यात एक सुकलेली पाकळीही निघाली, चापाच्या मागे चिकटून बसलेली. कुठल्या वर्षीची कोण जाणे. मी ती अज्जांना दाखवली नाही. सगळं कोरडं पुसल्यावर अव्वाच्या शिलाई मशिनचं तेल, एकच थेंब, काडीच्या टोकानं. "एक म्हणजे एक," अज्जा म्हणाले. "माझ्यासारखं करू नकोस."

पट्ट्या बसवल्या. पुन्हा डोळ्यांनी बघितलं, बोटानं चाचपलं. चाप ओढला. ठक्. सोडला. पुढं आला. पुन्हा ठक्, पुन्हा पुढं. जरा आळसावून येत होता, पण येत होता. मी अंगणात नाचले. अज्जा "बस, बस, उगाच रिकामा घोडा पाडू नकोस" म्हणत होते, पण त्यांचे डोळे चमकत होते. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी पूजिता आणि झुबैदाला सांगितलं, माझा नाही उडवला तर नाही, अज्जांचे मीच उडवणार. झुबैदा म्हणाली, "हे काय सांगण्यासारखं आहे का?" आमच्यात आहे. पूजितानं माझ्या दप्तराचा पट्टा नीट केला.

अज्जा म्हणाले होते, रिकामं हत्यार खोटं बोलतं, दोन गोळ्या घालून बघायलाच हवं. शनिवारी बघायचं ठरलं. पण शनिवारी सकाळपासूनच ते भरकटायला लागले होते. अव्वाला त्यांनी दोनदा स्वतःच्या बहिणीच्या नावानं हाक मारली. औषध घेऊन ओसरीवरच झोपले. मी म्हटलं, उठले की सांगू, झालं म्हणून.

आम्ही घराच्या मागच्या बाजूला गेलो. तिथं उंच बांध आहे, लाल मातीचा. आभाळात उडवायचं नाही ही अज्जांची ताकीद होती, वर गेलेली गोळी कुठंतरी उतरतेच. अप्पांनी कानात कापूस घातला. रिव्हॉल्व्हर धरलं, बांधाकडे रोखलं, आणि मग खाली घेऊन माझ्याकडे दिलं. "दोन्ही हातांनी धर," ते म्हणाले. "मी इथंच आहे."

मी चाप ओढला. आवाज डोंगराला जाऊन आपटला आणि परत आला. बांधातून मातीचा एक घास उडाला. मी लगेच दुसऱ्यासाठी बोट ओढलं आणि बोट हवेत असल्यासारखं लागलं. चाप मागे होता. अडकलेला.

"थांब. नळी बांधाकडेच ठेव," अप्पा म्हणाले. ते खूप शांत बोलत होते. मी नखानं ढकलला. हलेना. अंगठ्यानं दाबून ढकलला तेव्हा आला. पण तोवर पहिल्या बाराचा आवाज संपून गेला होता, पक्षीसुद्धा परत झाडांवर बसले होते. आता दुसरा उडवण्यात अर्थ नव्हता. अप्पांनी गोळ्या काढल्या आणि आम्ही दोघं त्या बांधातल्या भोकाकडे बघत उभे राहिलो.

तेवढ्यात पुढच्या अंगणातून ओरडा आला. "सरसू, अगं कुणाला झाला?"

आम्ही धावत पुढं आलो. शेजारची पूवक्का होती. भातखाचरातून धावत आली होती, पायाला चिखल, हातात मधाची बाटली. अव्वा दारात उभी. पूवक्काची नजर आधी अव्वाच्या पोटाकडे गेली. अव्वा त्रेचाळीस वर्षांची आहे. मग ती माझ्याकडे वळली, आणि पूवक्काचं तोंड उघडंच राहिलं.

"काय बघतेस?" मी म्हटलं. "मी अकरावीत आहे."

"मग बार कसला?"

अव्वा सांगायला लागली, आणि खाटेवरून आवाज आला. "मुलगा झाला?"

अज्जा कोपरांवर उठून बसायचा प्रयत्न करत होते. त्यांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. सैनिकाचा नाही, आजाऱ्याचा नाही. "एक बार ऐकला मी. नंजप्पाला मुलगा झाला?"

अप्पा माझ्याशेजारीच होते. कानात कापूस होता, पण त्यांना ऐकू गेलं. त्यांनी हातातल्या गोळ्या खिशात टाकल्या.  पूवक्काच पुढं झाली. अज्जांचा हात हातात घेऊन म्हणाली, "हो, सुभेदार. मुलगा झाला."

"मग धनुष्य करा," अज्जा म्हणाले आणि उशीवर टेकले. "एरंडाचं. त्याच्या हातात द्यायला हवं."

मुलगा झाला की एरंडाच्या काडीचं बोटभर धनुष्य करून त्याच्या मुठीत देतात. अव्वा आत निघून गेली. पूवक्का मधाची बाटली ओसरीवर ठेवून, कुणाकडे न बघता, चिखलाच्या पायांनी परत गेली.

तेव्हापासून ते रोज विचारतात. "बाळ कुठाय?"

"झोपलंय," अव्वा म्हणते.

"रडत कसं नाही?"

"गुणी आहे."

मला म्हणाले, "बोळ्ळू, तू थोरली. भावाला सांभाळायचं." मी 'हो' म्हटलं आणि कॉफीच्या झाडांत जाऊन बसले. मग एरंडाची एक काडी तोडली, वाकवली, दोरा बांधला. ते इवलंसं धनुष्य मी त्यांना नेऊन दिलं, बाळाला दाखवून आणलं म्हणाले. ते त्यांनी मुठीत धरलं. झोपेतसुद्धा सोडत नाहीत. काल स्पष्ट म्हणाले, "माझे बार तोच उडवेल. घरातला मुलगा आहे ना आता." मी शेजारीच बसले होते, हाताला रॉकेलचा वास.

कारण मी सोडलं नव्हतं. शाळेतून आल्यावर रोज रिव्हॉल्व्हर उघडत होते. पुन्हा रॉकेल, पुन्हा चिंध्या, पुन्हा एक थेंब. शेजारच्या एका वहिनीकडून घड्याळाची बारीक स्प्रिंग मागून आणली, ती घालायला गेले तेव्हा अप्पांनी हात धरला. जे मापाचं नाही ते आत घालायचं नाही, हातात फुटेल, म्हणाले. बरोबर होतं ते. रिकामं असताना चाप येतो. बार झाला की हादऱ्यानं अडकतो. पुन्हा एकदा बांधावर बघायचं माझ्या मनात होतं, पण पुन्हा एक बार ऐकून अज्जांना आणखी एक नातू झाला असता. अव्वाला मी तसं म्हटलं तेव्हा ती हसली आणि हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला.

आज सकाळपासून अज्जांनी पेजही घेतली नाही. श्वास लांबलांब येतोय. डॉक्टर गावातले, येऊन गेले, अप्पांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. दुपारी अप्पांनी गच्चीवर चढून, जिथं फोन लागतो तिथून, दादाकाकांना फोन केला. खाली येऊन चुलीजवळ बसले. अव्वा आधीच बसली होती, तांदूळ निवडत, निवडलेलेच.

"चेंगप्पा संध्याकाळपर्यंत येतोय," अप्पा म्हणाले. "दुनळी घेऊन."

"त्यांना चालणार नाही," अव्वा म्हणाली.

"त्यांना कळणार नाही आता." अप्पा निखाऱ्यांकडे बघत होते. "दुनळी अडकत नाही. एक, दोन. खोऱ्याला कळेल, माणसं येतील. त्यांना माणसं यायला हवी होती, सरसू. बाकी काय उरलंय?"

मी दारात उभी होते. सकाळी खाट आतल्या खोलीत घेतली होती, तिथून अज्जांचा श्वास ऐकू येत होता. ते धनुष्य त्यांच्या मुठीत होतं, दोरा सुटत आलेलं. ज्या मुलाला ते द्यायचं, तो नाही आणि होणारही नाही. रिव्हॉल्व्हर दुरुस्त होणार नाही. अज्जा बरे होणार नाहीत. सगळं ठरलेलं होतं आणि कुणी मला काही विचारतही नव्हतं.

"अप्पा," मी म्हटलं. "अव्वा, तूही ऐक. चेंगप्पाअण्णाला येऊ दे, जेवू दे, खांदा द्यायला लागेलच. पण दुनळी गाडीतच ठेव म्हणावं. अज्जांचे दोन्ही बार मी उडवणार, त्यांच्याच रिव्हॉल्व्हरनं, मागच्या बांधात. अप्पा, तुम्ही शेजारी उभे राहा. पहिला उडवीन, मग नळी न हलवता अंगठ्यानं चाप पुढं ढकलीन, मग दुसरा. लागोपाठ होणार नाहीत, मला माहीत आहे. मध्ये वेळ जाईल. तेवढा वेळ खोऱ्यातल्या सगळ्यांना वाटेल, नंजप्पाच्या घरात मूल जन्मलं. वाटू दे. पूवक्का मध घेऊन निघेल, तर निघू दे, दुसरा ऐकला की ती बाटली वाटेत ठेवून येईल. पण तो पहिला माझा राहिलेला आहे, तो मी दुसऱ्या कुणाला उडवू देणार नाही."